अंशतः खरे आहे

"लिही बे नदाफ," अण्णा म्हणायचे,
आणि मी दोन कागदांत कार्बन सरकवायचो.
हे खरे आहे काय की,
सोलापूर शहराच्या पूर्व भागात
नळाला पाचव्या दिवशी पाणी येते, तेही रात्री दोन वाजता?
असल्यास, याची सर्वसाधारण कारणे काय आहेत?

प्रश्नाला तारा मिळायचा.
तारा म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं.
नेमकं त्याच दिवशी सभागृह
दुसऱ्याच कशावरून तरी तहकूब व्हायचं,
आणि आमचा प्रश्न छापील यादीत चौतिसावा,
चौतिसाव्याच जागी घाम पुसत बसलेला.
उत्तर टपालानं यायचं. मी चष्मा लावून वाचून दाखवायचो:
हे अंशतः खरे आहे.

पेंटय्या चिट्याल, मागांचा मिस्त्री,
सातशे अकरा मतांनी पहिल्यांदा आलेला माणूस.
डावा कान यंत्रमागांनी कधीच खाल्लेला.
अध्यक्ष म्हणायचे, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावे,
अण्णांना ऐकूच जायचं नाही, ते बोलतच राहायचे.
दुसऱ्या दिवशी पेपरात: आक्रमक, निर्भीड.
कात्रण त्यांनी फ्रेम करून लावलं.
खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक, आणि अम्मांना.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसला आमच्याबरोबर
सुतळीनं बांधलेल्या सहा चादरी असायच्या.
एक उपसचिवांना, एक कक्ष अधिकाऱ्याला,
एक त्या शिपायाला, ज्याच्या हातात खरी फाईल.
परतताना सुतळी तेवढी घडी करून खिशात.
"पुढच्या खेपेला लागेल," म्हणायचे.

तिसऱ्या खेपेला त्यांनी पक्ष बदलला.
कन्ना चौकातली भिंत रात्रीतून पांढरी, मग वेगळ्या रंगाची.
वार्ताहरानं विचारलं तर म्हणाले, प्रश्न उद्भवत नाही.
मला मात्र गाडीत म्हणाले,
"धोटा इकडून तिकडं गेला नाही तर कापड होतंय का रे?"
मी मान हलवली.
कापड कुणाच्या अंगावर गेलं, ते विचारायचं
माझ्या पगारात बसत नव्हतं.

पण एक रात्र मी पाहिली आहे.
दत्तनगरच्या कोपऱ्यावर, व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी,
आमदार उकिडवे बसलेले, शेजारी चावीवाला गंगाराम,
मधे वर्तमानपत्रावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी.
अण्णांनी उजवा कान पुढं केला.
"दोनलाच का बे?"
गंगाराम म्हणाला, "साहेब, सहाला माझी ड्यूटी संपती.
आधी वरची टाकी, मग बंगले, मग तुमी."
"आणि उलटं फिरवलं तर?"
गंगाराम बराच वेळ चावीकडं बघत राहिला.
असं त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

महिनाभरानं पहाटे पाचला गल्ली ओरडली,
नीळ्ळु वच्चिनय!
दिवस पाचवाच राहिला. वेळ बदलली.
विडीच्या सुपावर पेंगणाऱ्या बाया
त्या रात्री सलग झोपल्या होत्या.
विधिमंडळाच्या कुठल्याही खंडात याची नोंद नाही.
मी शोधली.

चौथ्यांदा अण्णा पडले. मग नुसतेच बसून राहिले.
दारावरच्या पाटीत आमदारच्या आधी 'माजी' घालायला
पेंटरनं जागा नाही म्हणून बारीक अक्षर काढलं.
उरलेल्या लेटरहेडच्या पाठीवर
नातू पाढे लिहायचा, सिंह वर, सतरा पंचे खाली.

गेल्या अधिवेशनात शोकप्रस्ताव झाला.
परिचयाची टिपणी माझ्याकडूनच मागवली होती.
मी लिहिलं: पाणीप्रश्नी त्यांनी भरीव कार्य केले.
भरीव खोडलं. पुन्हा लिहिलं.
दोन मिनिटं सगळे उभे राहिले,
म्हणजे अण्णांसाठी अखेर मंत्रीही उभे राहिले.

अम्मा अजून रात्री दोनलाच उठतात.
नळ कोरडा असतो, त्यांना माहीत असतं.
घागर पालथी घालून तिच्यावर बसतात,
आणि पाच वाजेपर्यंत
त्यांच्या डाव्या बाजूला कुणीतरी बसल्यासारखं
जरा मोठ्यानंच बोलतात.